टाकलं, ठेवलं, पाठवलं

(मुलुंडमधल्या एका वाचनालयाने पालकांसाठी ठेवलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्या बावीस वर्षं एका निवासी शाळेत गृहमाता होत्या. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी आवाज चढवते. चाळीस मुलींना एका हाकेत झोपवायची सवय आहे मला.

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक आई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगत होती, "आज पुन्हा डबा तसाच परत आणलास ना, तर बोर्डिंगातच टाकते तुला." मुलगा काही बोलला नाही. बुटांच्या लेसकडे बघत राहिला. तळमजला आला, दोघं उतरले, रिक्षात बसून गेले. संध्याकाळी मी जे बोलणार होते त्याची प्रस्तावना त्या बाईंनी परस्पर उरकून टाकली, असं मला वाटलं.

"टाकते" म्हणाल्या त्या. या क्रियापदापाशी जरा थांबू या. आपण मुलाला शाळेत घालतो. शिकायला पाठवतो. मामाकडे ठेवतो. बोर्डिंगात मात्र टाकतो. कचरा डब्यात टाकतात, कपडे धुवायला टाकतात, आणि नवऱ्याने जिला सोडून दिलं तिला आपल्या आज्या 'टाकलेली' म्हणायच्या. भाषा हे उगाच बोलत नाही. शाळेच्या फाटकात गाडी उभी राहून ट्रंक उतरली, की पुढच्या पंधरा मिनिटांत मला कळायचं की हे मूल पाठवलेलं आहे, ठेवलेलं आहे की टाकलेलं. फी तिघांचीही सारखीच असते.

संयोजकांनी विषय दिलाय, 'मुलांना बोर्डिंगात पाठवणं हे चांगलं पालकत्व आहे का?' शेवटी तुम्ही मला 'हो की नाही ते सांगा' म्हणणार, हे मला माहीत आहे. येईन तिथे. आधी माझ्या घरातलं सांगते.

मी लालबागची. दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीत साचे खात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाख कामगार, हे आकडे मी नंतर वाचले. तेव्हा मला एवढंच कळलं की भोंगा वाजेनासा झाला. आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते शोभेला. आई भोंग्यावर उठायची, भोंग्यावर भात टाकायची. तो थांबला तशी आमच्या मजल्यावरची वेळच बिघडली. पुरुष दिवसा घरी दिसायला लागले. वाण्याच्या वहीत आमचं पान भरून दुसरं लागलं.

एप्रिल संपता संपता वडिलांनी ठरवलं की पोरांना गावी आजीकडे नेऊन ठेवायचं. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. मी दहा वर्षांची, भाऊ सहाचा. मला वडील गॅलरीत घेऊन गेले. म्हणाले, "पगार नाही. इथे चौघांचं भागणार नाही. गावाला तांदूळ आहे, आजी आहे. पाचवी तिथे कर. संप मिटला की न्यायला येतो. कधी मिटेल ते मला माहीत नाही." मी रडले. पण मला कळलं. दहा वर्षांच्या मुलीला भोंगा कळतो, वाण्याची वही कळते.

भावाला मात्र सांगितलं, "मे महिन्याच्या सुट्टीला चाललोय. आंबे खायचे, मज्जा करायची." प्रेमापोटीच सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला संप काय समजावणार?

जून उजाडला. पाऊस लागला. वाडीतली पोरं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागली आणि मास्तरांनी भावाचं नावही पटावर घातलं. तेव्हा त्याला उमगलं की सुट्टी संपली आणि आपल्याला न्यायला कुणी आलेलं नाही. संध्याकाळची मुंबईची एसटी आमच्या फाट्यावर यायची. आजीचं इरलं डोक्यावर घेऊन हा रोज तिथे जाऊन उभा राहायचा. इरलं त्याच्याहून मोठं. लांबून बघितलं तर रस्त्याकडेला नुसतं इरलंच उभं असल्यासारखं वाटायचं. कंडक्टर ओळखायला लागला होता. गाडी थांबवायचा, दार उघडायचा आणि म्हणायचा, "नाय रे बाला आज." गणपतीत चाकरमानी आले, त्यांच्याबरोबर वडील आले. मी धावत फाट्यापर्यंत गेले. भाऊ पडवीत लाकडांच्या राशीमागे जाऊन बसला. वडिलांनी हाका मारल्या, तरी दोन तास बाहेर आला नाही.

तो संप आजतागायत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, तुम्हाला माहीतच असेल. आम्ही चार वर्षं गावी काढली.

एकच घर, एकच आजी, सकाळची पेज एकाच टोपातली. मी त्या चार वर्षांबद्दल आज आनंदाने बोलते. पोहायला शिकले, गाईची धार काढायला शिकले. भाऊ पन्नाशीला आलाय, चांगल्या नोकरीत आहे, पण लोणावळ्याला जायचं ठरलं तरी त्याचा पहिला प्रश्न असतो, "परतीचं काय?" बायको हसते. मी नाही हसत.

आमच्या दोघांच्या वयात चार वर्षांचं अंतर होतं हे खरंच, आणि वयाचा भाग मी नाकारत नाही. पण बावीस वर्षं इतरांची मुलं सांभाळल्यावर माझं असं मत झालंय की निम्मा फरक त्या गॅलरीतल्या पाच मिनिटांनी पडला. मला कारण माहीत होतं आणि ते खरं होतं. त्याला सांगितलेलं कारण खोटं निघालं. लांब राहणं मूल सोसतं. आपण लांब का आहोत हेच त्याला कळत नसेल, तर ते स्वतःच एक कारण तयार करतं. आणि मुलाने स्वतःशी तयार केलेलं कारण बहुतेक वेळा एकच असतं: माझंच काहीतरी चुकलं असणार.

आता थोडं इतिहासाकडे वळते. वसतिगृह ही काय साहेबाची मिरास नाही. मराठी माणसाचं निम्मं शिक्षण वसतिगृहांनी केलंय. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग जैनांचं, मुसलमानांचं, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. तिथल्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली आणि एका पंगतीत बसवली. 1927 मध्ये गांधीजींनी त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं. घरात दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. मी रेक्टर झाले तेव्हा टेबलावर कुणा देवाचा फोटो न लावता लक्ष्मीबाईंचा लावला होता. माझ्या आधीच्या बाईंनी विचारलं, या तुमच्या आजी का? मी हो म्हटलं.

त्या बोर्डिंगांत सुख नव्हतं. पोरं दळण दळायची, लाकडं फोडायची, शेतात राबायची. पण आपण इथे का आलोत हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गावात शाळा नाही. असली तर आपल्याला आत घेत नाहीत. बापाने बैल विकून धाडलंय. कारण इतकं लख्ख की ते समजावून सांगायचीही गरज नव्हती. वार लावून जेवणाऱ्या पोरांचं तसंच. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. अपमान गिळावे लागत असतील, पण 'मला टाकलं' असं त्यांना वाटलं नसावं.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, तेही मुंबईचंच. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर दगडात कोरलेली माणसं आहेत. तुम्ही लग्नाच्या खरेदीला जाता तेव्हा वर बघत नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी बघा. ती शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. शेजारच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकवायचे आणि त्याच आवारात 1865 साली त्यांचा मुलगा रड्यार्ड जन्मला, पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला तो. हा मुलगा आयाच्या कडेवर बंदरावर फिरायचा आणि इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी सफाईने बोलायचा. जेवणघरात आईबापांसमोर पाठवताना त्याला बजावावं लागायचं की आता इंग्रजीत बोल.

1871 मध्ये, तो सहाचाही नव्हता तेव्हा, आईबापांनी त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडला नेलं, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून शोधलेल्या एका अनोळखी घरात पैसे भरून ठेवलं आणि दोघं मुंबईला परत आली. मुलांना काही सांगितलं नाही. त्या काळच्या साहेबलोकांत ही रीतच होती. इथली हवा वाईट, रोगराई, भाषा बिघडते, म्हणून पोरं 'घरी' पाठवायची. त्या घरात सहा वर्षं त्याचा छळ झाला. 1877 साली आई आली. रात्री त्याचा मुका घ्यायला ती खाटेपाशी वाकली, तर मुलाने झटकन हात वर केला. मार चुकवायला. हे त्याने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलंय. इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस, असं त्याच्या मावशीने त्याला पुढे पुष्कळदा विचारलं. त्याचं म्हणणं साधारण असं की मुलं सांगत नाहीत. जे वाट्याला येतं, ते कायम असंच असतं असं ती धरून चालतात.

हे वाचलं तेव्हा मला लाकडांच्या राशीमागचा भाऊ आठवला. कुठे तो साहेबाचा मुलगा, कुठे लालबागचा.

ब्रिटनमध्ये आता या सगळ्याचा अभ्यास होतोय. जॉय शॅव्हेरियन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 2011 साली 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' हा शब्द वापरात आणला. फार लहानपणी घरापासून तुटलेली माणसं मोठेपणी कर्तबगार असतात, वक्तशीर असतात, पण जवळच्या माणसापाशी मोकळी होत नाहीत, असं त्यांनी मांडलं. हा काही रक्त तपासून कळणारा आजार नव्हे, आणि तिकडचं सगळं इकडे लागू होईल असंही नाही. मी ते वाचते ते ताडून बघायला, इतकंच.

आता माझ्या शाळेकडे येते. नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. पाचगणी, देवळाली हा पट्टा घ्या. मुंबईच्या पैशावर आणि मुंबईच्या पोरांवर तिथल्या निवासी शाळा उभ्या राहिल्या. देवळालीची बार्न्स शाळा तर 1925 साली भायखळ्याहूनच तिकडे हलली. आमची शाळा त्यामानाने लहान. मुलींचं वसतिगृह माझ्याकडे, आणि पहिली काही वर्षं लहान मुलगेही माझ्याचकडे.

प्रत्येक कपड्यावर मुलाचा नंबर शिवलेला लागतो, धोब्यासाठी. रुमालावर, मोज्यावर, सगळ्यावर. ट्रंक उघडली की मी आधी ते टाके बघायचे. काही शिंप्याच्या मशीनचे, एकसारखे. काही हाताचे, वाकडेतिकडे, कुठे धागा दुहेरी. दिवसभर नोकरी करून, रात्री अकराला बसून, चाळीस कपड्यांवर 47 हा आकडा शिवणारी बाई मला त्या टाक्यांत दिसायची. एक मुलगा झोपताना उशीच्या अभ्र्यावरचा तो आकडा बोटाने चाचपत राहायचा. महिनाभरात त्याने तो सगळा उसवला.

रविवार हा पत्रांचा दिवस. फोन असला तरी पत्र लिहायचंच, शाळेची शिस्त. लहानांसाठी मजकूर फळ्यावर लिहून दिलेला असायचा. 'तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार. मी इथे मजेत आहे. अभ्यास नीट चालू आहे. जेवण चांगलं असतं.' खाली दोन ओळी आपल्या मनाच्या. पाकीट उघडंच बाईंकडे द्यायचं. आम्ही वाचायचो. 'मला घरी न्या' असं असेल तर मुलाला जवळ बसवून, गोड बोलून, दुसरं पत्र लिहून घ्यायचो. आईबाबांना काळजी लागेल ना बाळा, असं म्हणत. हा नियम मी बरीच वर्षं पाळला. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, माझ्या हाताने पाळला.

डोंबिवलीचा एक मुलगा होता, नऊ वर्षांचा. त्याच्या मनाच्या दोन ओळी दर रविवारी त्याच: 'आपल्या खिडकीतलं कबुतर येतं का? त्याने अंडी घातली का?' बाकी सगळं फळ्यावरचं. आम्हाला त्यात वावगं काय दिसणार? सगळी पत्रं गेली. दिवाळीला आई न्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "काय हो, कबुतराचं काय झालं?" ती म्हणाली, "कसलं कबुतर? घाण करतात म्हणून जूनमध्येच जाळी बसवून घेतली आम्ही." तिने एकाही पत्रात त्याला ते कळवलं नव्हतं. कबुतराबद्दल काय लिहायचं, असं तिला वाटलं असणार. बिचारीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण तो मुलगा अकरा रविवार विचारत होता की मी गेल्यावरही तिथे माझी जागा आहे का.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाई बोर्डिंगाच्या विरोधात आहेत. थांबा.

माझ्याकडे एक मुलगी होती, उपनगरातलीच, अकरा वर्षांची. वडील तिला घेऊन आले तेव्हा माझ्यासमोर तिला म्हणाले, "आई आणि मी वेगळे होतोय. कोर्टात जावं लागेल. घरात आरडाओरडा होईल आणि तो तुझ्या कानावर पडू नये असं आम्हा दोघांनाही वाटतं. तू काही केलेलं नाहीस." गृहस्थाचा आवाज फाटत होता, पण वाक्यं सरळ होती. ती पोर खूप रडली. मग जेवली आणि झोपली. पुढची पाच वर्षं एका रविवारी आई, एका रविवारी बाबा. आज ती स्वतः वकील आहे. दिवाळी जवळ आली की ज्यांच्या पोटात गोळा यायचा अशा मुलीही मी बघितल्यात. घरी बाप पितो, दारं आपटतात. एकीने मला विचारलं होतं, "बाई, सुट्टीत तुम्ही इथेच असता ना? मी तुमच्याकडे राहू?" अशा मुलीला घरापासून लांब ठेवणाऱ्या आईला कुणी कठोर म्हणू नये.

आणि मुंबईचं घर तरी कसलं? गळ्यात किल्ली घालून फिरणारी पोरं या मुलुंडात मी रोज बघते. शाळा, पाळणाघर, ट्यूशन, अबॅकस. आई सकाळच्या फास्ट लोकलला लटकून गेलेली, ती साडेआठला परत. बाप त्याहून उशिरा. शेजारीण मला म्हणाली, "त्यापेक्षा बोर्डिंग काय वाईट? निदान वेळेवर गरम जेवेल." मी तिला हिशेब सांगितला. तू साडेआठला आलीस, कुकर लावलास, नऊला खिचडी घेऊन त्याच्या शेजारी बसलीस. ओरडलीस का, ओरड. पण तेव्हा एका मुलामागे एक माणूस असतं. माझ्याकडे नऊ वाजता चाळीस मुलींमागे मी एकटी होते. चाळीस डोकी मोजायची, दोन तापाच्या, एकीचे दात दुखतायत, एक रुसलेली. उरलेल्या छत्तीस जणींनी मनातलं कुणाला सांगायचं? शेजारच्या खाटेवरच्या तितक्याच लहान मुलीला. गरम जेवण वेळेवर मिळतं, ते खरं. शेजारीण त्यावर काही बोलली नाही. महिन्याभराने तिने मुलाला सातवीत आमच्यापेक्षा महागड्या शाळेत घातलं. असो.

पालक जी कारणं सांगतात त्यांतलं 'शिस्त' हे मला सर्वांत पोकळ वाटतं. घंटेची शिस्त घंटेपुरती असते. पहाटे साडेपाचला घडी घालून अंथरूण उचलणारी मुलं सुट्टीत घरी अकरापर्यंत लोळतात, आणि आया मला फोन करून विचारतात की तुम्ही शिकवता तरी काय. मोबाइल सुटावा म्हणून पाठवणारे हल्ली फार. आमच्याकडे फोन कपाटात कुलूपबंद असायचे. दिवाळीला कपाट उघडलं की सहा महिन्यांची भूक पंधरा दिवसांत भागवली जायची. इंग्रजी सुधारतं, ते मान्य. मात्र आजीशी बोलायला मग शब्द सापडत नाहीत.

वयाबद्दल मात्र मी ठाम आहे. सरकार काय करतं बघा. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 ची, देशातली पहिली. नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये सुरू झाली, पहिल्या दोनांतलं एक आपल्या अमरावतीचं. दोन्हीकडे प्रवेश सहावीपासून, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाला. नवोदयमध्ये तर खेड्यातल्या मुलांसाठी किमान 75 टक्के जागा असतात आणि नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातही पाठवतात. म्हणजे लांब पाठवायला त्यांची ना नाही. पण सहावीच्या आधी नको, एवढा पोच त्यांनी ठेवला. दुसरी-तिसरीतलं मूल, हाताशी पर्याय असताना, पाठवू नका. पर्याय नसणाऱ्यांची गोष्ट निराळी. इथून काही तासांवर डहाणू, जव्हारच्या पाड्यांवरची पोरं पहिलीपासून आश्रमशाळेत जातात, कारण दुसरी वाटच नसते. ऊसतोडीला जाणारी आई पोराला हंगामी वसतिगृहात ठेवते, नाहीतर ते फडात तिच्या मागे फिरेल. चांगलं पालकत्व की वाईट, हा प्रश्न त्या आईला विचारायचा आपल्याला अधिकार नाही. त्या वसतिगृहांची अवस्था सरकारला विचारायचा मात्र आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा थोडं लक्षात ठेवा. सगळे पालक सकाळी जातात. घोडे, जलतरण तलाव, वाचनालय. तुम्ही संध्याकाळी सातनंतरची वेळ मागा. नाही म्हणाले तर तिथेच गाडी वळवा. झोपायच्या खोलीत रात्री मोठं माणूस कोण असतं? ते किती वर्षं तिथे आहे? दर वर्षी गृहमाता बदलत असेल तर काहीतरी बिनसलंय. मुलाला मनात येईल तेव्हा फोन करता येतो का, आणि तेव्हा शेजारी कुणी उभं असतं का? पत्रं वाचता का, हेही विचारा. मी विचारायला सांगतेय. मारणं आणि मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने बंद आहे. लैंगिक अत्याचार झाला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांत कळवावंच लागतं, 'आम्ही आमच्या पातळीवर मिटवलं' ही भाषा चालत नाही. आणि 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर मुलाला पाठ करायला लावा. पाढ्यांच्या आधी.

शेवटी एक प्रश्न आलाय, चिठ्ठीवर. 'मॅडम, मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला स्वतःलाच जायचंय, आम्हालाच धीर होत नाही. पाठवू का?' खाली नाव नाही. बरं केलंत. यावर माझ्या भावाचंच सांगते.

त्याला एकच मुलगी. धावण्यात चांगली. सहावीत असताना क्रीडा प्रबोधिनीसारख्या एका निवासी ठिकाणी निवड झाली, मुंबईपासून लांब. ती नाचायला लागली आणि हा आजारी पडला. अक्षरशः ताप. दोन महिने नुसता नाही म्हणत होता. मी काही बोलले नाही, मी काय बोलणार? मग एके दिवशी एकटाच उठला आणि ते गाव बघून आला. पुन्हा आठवड्याने गेला. मुलीला घेऊन बसला आणि फाट्यावरचं इरलं, लाल गाडी, कंडक्टर, सगळं तिला सांगितलं. बायकोलाही तो ते पहिल्यांदाच सांगत होता. "मला तुला पाठवायची भीती वाटते, ती यामुळे वाटते. तुझ्यामुळे नाही," असं म्हणाला.

जायच्या आदल्या रात्री त्याने ट्रंक रिकामी केली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्या गावाहून मुंबईला येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, मोठ्या अक्षरांत. पहाटेची पहिली एसटी, दुपारची, रात्रीची शेवटची. खाली रेल्वेच्या दोन. सगळ्यात खाली, 'मध्यरात्री वाटलं तर फोन कर, मी निघतो.' शेजारी एका पाकिटात भाड्याचे पैसे.

भाची आता बारावीला आहे. त्या पैशांतले दोनदा भेळेला गेले असं तिनेच कबूल केलंय. कागद अजून झाकणाला आहे. मध्ये पहाटेच्या गाडीची वेळ बदलली, तेव्हा जुनी खोडून तिनेच पेनाने नवी घातली.